'शोउ'ला मराठीत काय म्हणावे: सडपातळ, कृश की रोड?

सावनी:
एका चिनी विद्यार्थिनीच्या भित्तिचित्रांतील मजकूर मी मराठीत आणत आहे आणि पहिल्याच चित्रापाशी अडले आहे. त्या चित्रात 'शोउ', म्हणजे बारीक, हे एकच चिनी अक्षर कागदभर आहे. या अक्षराला वरून आणि डावीकडून कवेत घेणारा जो भाग आहे, तो चिनी लिपीत आजारांच्या असंख्य शब्दांत येतो. विद्यार्थिनीने तेवढाच भाग तांबडा छापला आहे आणि उरलेले अक्षर काळे ठेवले आहे. कागद ए-फोर आकाराचा आहे आणि तोही मुद्दाम निवडलेला आहे, कारण २०१६ साली चिनी समाजमाध्यमांवर तरुणींनी उभा ए-फोर कागद कमरेपुढे धरून, आपली कंबर त्या २१ सेंटिमीटरांच्या आड मावते हे दाखवणारी छायाचित्रे टाकण्याची लाट आली होती. मी 'सडपातळ' लिहिले. संपादकांनी ते खोडून 'कृश' केले. 'सडपातळ' ही स्थळांच्या जाहिरातींतली अट आहे, आणि 'कृश' म्हटले की डोळ्यांपुढे तपस्वी तरी येतो किंवा रुग्ण तरी. मला पसंती आणि दुखणे ही दोन्ही एकाच शब्दात हवी आहेत. दुसरे चित्र 'रोंगमाओ च्याओल्यू'चे आहे, म्हणजे आपल्या दिसण्याविषयी सतत वाटणारी अस्वस्थता. त्याला 'रूपगंड' चालेल का?

जुनेपान:
'रोड' हा सरळ मराठी शब्द असताना 'कृश'कडे जाण्याचे कारण मला कळले नाही. सुट्टीत घरी गेलो की आजी "किती रोडावलास रे" म्हणत भातावर तुपाची धार धरीत असे, आणि त्या उद्गारात कौतुक नावालाही नसे. वाळणे, सुकणे, झिजणे, खंगणे: बारीक होण्याची आपली जुनी क्रियापदे दुखण्याच्या अंगानेच जातात. माझा तर असा तर्क आहे की 'रोड' आणि 'रोग' ही सख्खी भावंडे असावीत.

तळटीप:
'ग'चा 'ड' कोणत्या नियमाने झाला, तेवढे कृपया सांगावे. अर्थ जुळतो म्हणून नाते जुळत नाही.

पूर्ववारा:
मी सहा वर्षे शांघायमध्ये होतो, म्हणून एक शंका मांडतो. 'शोउ' वाचताना सामान्य चिनी माणसाला आजार दिसत नाही, जसे 'कुशल' म्हणताना आपल्यापैकी कुणाला कुश नावाचे गवत आठवत नाही. 'ह्वान फै, येन शोउ' या वाक्प्रचारात थांग काळातली पुष्ट यांग युह्वान आणि हान काळातली शिडशिडीत चाओ फैयेन या दोघींनाही सुंदरच मानले आहे, आणि तिथे 'शोउ'ला कसलाही रोग नाही. उलट सुंदर या अर्थाच्या 'मेइ' अक्षराची फोड शू शेन या कोशकाराने सुमारे १९०० वर्षांपूर्वी 'मेंढी' आणि 'मोठी' अशी केली होती. अलीकडचे अभ्यासक त्यात शिरोभूषण घातलेला माणूस पाहतात, ही गोष्ट वेगळी. आजचा आदर्श मात्र 'बाय योउ शोउ', म्हणजे गोरी, कोवळ्या वयाची दिसणारी आणि बारीक. (हे 'बाई' असे लिहू नये, वाचक भलतेच समजेल, खरा उच्चार 'पाय'कडे झुकतो आणि तोही आपल्या उपयोगाचा नाही.)

सावनी:
कुणाला दिसत नाही, म्हणूनच तिने तो भाग तांबडा केला आहे. रोजच्या वाचनात पुसट झालेली खूण पुन्हा डोळ्यांत खुपावी, एवढेच त्या चित्राचे काम आहे. पण 'रूपगंड'बद्दल कुणीच बोलत नाही.

तळटीप:
'रूपगंड' नको. न्यूनगंड, अहंगंड हे त्या त्या माणसाच्या मनातले गुंते असतात, आणि 'गंड' म्हटले की दोष त्या मुलीच्या पदरात पडतो. छायाचित्रातला चेहरा निमुळता करून देणारे मेइतूसारखे ॲप आणि ए-फोर कागदाची लाट या गोष्टी तिच्या मनातून निघालेल्या नाहीत. शिवाय 'गंड' म्हणजे गालही होतो, आणि गालांनाच कंटाळलेल्या मुलीसाठी हा शब्द क्रूर ठरेल. 'रूपाचा घोर' लिहावे.

पूर्ववारा:
'च्याओ' या अक्षराचा मूळ अर्थ करपलेले असा आहे आणि त्यात खाली विस्तव, वर पक्षी असतो. 'घोर'मध्ये ही धग येत नाही.

जुनेपान:
मग 'रूपचिंता' घ्या. चिंता आणि चिता यांत एका टिंबाचाच फरक, हे आपण शाळेतच शिकलो. ते अनुस्वाराचे टिंब तांबडे छापले की देवनागरीतही विस्तव पेटला. चिनी अक्षरात आग खाली आहे, आपल्याकडे ती डोक्यावर येईल.

तळटीप:
कल्पना देखणी आहे, हे मान्य करतो. परंतु हा अनुवाद उरत नाही, ते दुसरेच चित्र होते. मूळ चित्रात काय तांबडे आहे, हे आधी सावनीताईंनी सांगावे.

पूर्ववारा:
चित्रच दुसरे झाले तर बिघडले कुठे? सौंदर्याचे हे साचे चित्रकारांनीच घडवले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी शांघायमध्ये सिगारेटी खपवण्यासाठी 'युएफनपाय', म्हणजे तारखांचे भिंतपट, वाटले जात; चंग मानथुओ हा चित्रकार कोळशाची पूड कागदावर घासून वरून जलरंग चढवी आणि त्यामुळे त्याच्या स्त्रियांच्या गालांवर सुरकुतीच काय, रेषसुद्धा राहत नसे. मेइतू आज बोटाच्या एका स्पर्शाने तेच करते.

सावनी:
दुसऱ्या चित्रात तांबडे काहीच नाही, ते पूर्ण करड्या रंगात आहे. टिंबाची कल्पना मी तिला कळवली असून उत्तराची वाट पाहत आहे. पहिल्यासाठी 'रोड' लिहून पाठवले होते, तर संपादकांनी विचारले आहे की वाचक हे 'रस्ता' असे वाचणार नाहीत का.

जुनेपान:
उसन्या शब्दासाठी घरच्या शब्दाने जागा सोडायची, हा न्याय मला मान्य नाही.

तळटीप:
न्याय असो वा नसो, वाचक रस्ताच वाचेल. 'रोडावलेली' लिहावे, प्रत्यय लागला की रस्ता उरत नाही.

सावनी:
कागदभर एकच अक्षर हवे आहे. 'रोडावलेली' उभ्या ए-फोरवर त्या आकारात मावत नाही, मी छापून पाहिले.