टोकियो: अर्ध्या ग्लासात लालबुंद होणारा सहकारी

टोकियोत नोकरीला आहे. ऑफिसच्या नोमिकाईत (दारूच्या पार्टीत) शेजारी बसणारा २४ वर्षांचा जपानी सहकारी अर्ध्या ग्लास बिअरने कानापर्यंत लाल होतो, छाती धडधडते म्हणतो. तरी साहेबांनी ओतली की पितो. हल्ली आधी फॅमोटिडिनची (अ‍ॅसिडिटीवरची) गोळी घेऊन येतो. फार काळजी वाटते. काय सांगू त्याला?

» गोळी बंद करायला सांगा! लाली लपते, विष तसंच राहतं. एएलडीएच२ हे एन्झाइम कमजोर असलं की दारूपासून शरीरात बनणारं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडत नाही, साचतं. अशा माणसाने पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

» माझी बायको ओसाकाची, तिचंही हेच. ती सरळ ऊलाँग चहा मागवते. तुम्हीही त्याच्याबरोबर चहाच घ्या, एकट्याला नाही म्हणणं जड जातं.

» (मूळ प्रश्नकर्ता) शुक्रवारी दोन ऊलाँग सांगतो.