पहिल्याच भागातलं न कळलेलं स्वप्न : तुमचा अनुभव लिहा

मंडळी, काही अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) पहिल्याच भागात शेवट दाखवून मोकळे होतात, फक्त तो शेवट आहे हे सांगत नाहीत. कुणाला स्वप्न पडतं, कुणी भलतंच बोलून जातं. आपण ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे जातो. असं कुठलं दृश्य तुमच्या डोक्यात अडकून बसलं होतं? रसभंग भरपूर होणार, तेव्हा जपून वाचा.

सुरुवात मीच करते. ‘माडोका मॅजिका’ (२०११). माडोका धावत येऊन दार उघडते. बाहेर शहराची पार वाताहत, आकाशात अजस्र काहीतरी, आणि त्याच्याशी एकटीच झुंजणारी काळ्या केसांची मुलगी. शेजारचा पांढरा प्राणी गोड आवाजात सांगतो, हे सगळं तू बदलू शकतेस. मग जाग. त्याच दिवशी तीच मुलगी, होमुरा, वर्गात नवी म्हणून हजर! पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. इथे ते आधीच होऊन गेलेलं असतं. दहाव्या भागात कळतं की होमुरा तोच महिना पुन्हा पुन्हा जगते आहे. त्यानंतर पहिला भाग परत लावला, तर त्या प्राण्याचं गोड बोलणं ऐकवेना.

*

‘अटॅक ऑन टायटन’चं नाव कसं नाही आलं अजून? झाडाखाली नायक एरेन झोपलेला, जागा होतो तो डोळ्यांत पाणी घेऊन. खूप लांबलचक स्वप्न पडलं म्हणतो, पण आठवत काहीच नाही. आणि समोरच्या मिकासाला विचारतो, तुझे केस वाढलेत का? हा प्रश्न मी कित्येक वर्षं डोक्यात घेऊन फिरलो. पहिल्या भागाच्या नावातच ‘२००० वर्षांनंतरच्या तुला’ असं आहे, तेही कोण कुणाला म्हणतंय ते कळेना. मालिका ज्यावर बेतली त्या मांगाचं (जपानी चित्रकथेचं) १२२ वं प्रकरण आलं, नाव ‘२००० वर्षांपूर्वीच्या तुझ्याकडून’, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. केसांचं उत्तर मिळायला १३८ वं प्रकरण यावं लागलं. तिथली मिकासा आखूड केसांची आहे.

*

वरच्यांना : ‘अटॅक ऑन टायटन’ची मांगा सुरू झाली तेव्हा, २००९ मध्येच, लेखकाने सगळं ठरवलं होतं, हे मला पटत नाही. दार उघडं ठेवलं आणि पुढे त्यातून नीट आत आला, असं म्हणा. त्याने त्याचं कसब कमी होत नाही.

*

माझं मत ‘स्टाइन्स;गेट’ला. नायक ओकाबेला किंकाळी ऐकू येते, धावत जातो तर कुरिसु नावाची मुलगी रक्ताच्या थारोळ्यात. पुढे तीच जिवंत समोर उभी. आणि त्या किंकाळीच्या आधी तिने त्याला विचारलेलं असतं, पंधरा मिनिटांपूर्वी मला काय सांगणार होतात? हा तर तिच्याशी बोललेलाच नसतो! शेवटच्या दोन भागांत याचा हिशेब लागतो. ती किंकाळी कुणाची, हे तेविसाव्या भागात कळलं तेव्हा अंगावर काटा आला. मी जपानात नोकरीला आहे, त्यामुळे टोकियोतल्या अकिहाबाराला जाऊन, जिथे हे घडतं ती रेडिओ काइकान इमारतही पाहिली. म्हणजे तिच्या जागी २०१४ साली उभी राहिलेली नवी. जुनी इमारत मालिका आली त्याच वर्षी पाडायला घेतली होती.

*

लेकाने आग्रह केला म्हणून ‘हारुही सुझुमिया’ बघायला बसले. २००६ च्या मूळ क्रमात पहिला भाग म्हणजे शाळकरी पोरांनी काढलेला भिकार सिनेमा. कॅमेरा हलतोय, संवाद विसरतायत. म्हटलं, अरे हे काय लावलंस? तो नुसता हसत होता. त्यात एक मुलगी भविष्यातून आलेली, एक परग्रहावरची, एक मुलगा अतींद्रिय शक्तीवाला. पुढे कळतं की ती पोरं खरोखरच तशी आहेत आणि सिनेमा काढणाऱ्या हारुहीला याचा पत्ताच नाही. गॅस बंद करून पुढचे दोन भाग बघितले.

*

‘इव्हँजेलियन’, १९९५. ओसाड रस्त्यावर नायक शिंजीला क्षणभर रेई नावाची मुलगी दिसते, पाखरं उडतात, ती नाहीशी. त्याच भागात पुढे ती पट्ट्या बांधलेली, स्ट्रेचरवर. मग रस्त्यावर कोण होतं? १९९७ च्या चित्रपटात माणसं विरघळायच्या आधी त्यांच्यासमोर रेई उभी राहते, त्यावरून लोक धागेदोरे जुळवतात. मालिकेत सरळ उत्तर कुठेच नाही. मला तर ते मिळूही नये असं वाटतं.

*

मला उत्तर हवंय! आणि आधी कुणीतरी मिकासाच्या त्या केसांचं नीट समजावून सांगा. स्वप्न आधी की आठवण आधी?