१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर?

या चर्चेत एकाने लिहिलंय की स्वातंत्र्याच्या दिवशी रुपया आणि डॉलर बरोबरीत होते. हे खरं नाही, आणि घरोघरी फॉरवर्ड होतं म्हणून वाईट वाटतं.

तेव्हा रुपया डॉलरला नव्हे, पौंडाला बांधलेला होता : १ रुपया = १ शिलिंग ६ पेन्स. म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०, म्हणून पौंडाला १३.३३ रुपये. पौंड होता ४.०३ डॉलरचा. भागून बघा, डॉलर येतो ३.३१ रुपयांना. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड २.८० डॉलरवर उतरला, रुपयाही त्याच्याबरोबर गेला आणि डॉलर ४.७६ झाला. तो थेट ६ जून १९६६ पर्यंत तसाच. त्या दिवशी सरकारने रुपयाचा भाव उतरवला (अवमूल्यन) आणि डॉलर ७.५० झाला.

या अवमूल्यनाचा आमच्या नाशिकशी धागा आहे. आखाती देशांत तेव्हा भारतीय रुपयाच चालायचा. १९५९ पासून तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जात. इथल्या एका नाणे-प्रदर्शनात मी दहाची अशी नोट हातात घेतलीय. लाल रंग, क्रमांकाच्या सुरुवातीला 'झेड', मधली घडी इतकी जुनी की उजेडात धरली तर आरपार दिसायचं. कुवेतने १९६१ लाच स्वतःचा दिनार काढला होता, बाकीच्यांपैकी बहुतेकांनी ६६ च्या दणक्यानंतर हा रुपया सोडला.

आणि हो, ६६ साली रुपया ३६.५ टक्के उतरला आणि डॉलर ५७.५ टक्के महागला, ही दोन्ही विधानं बरोबर आहेत : ४.७६ चे ७.५० झाले म्हणजे डॉलर ५७.५ टक्के महाग, आणि उलट बाजूने रुपयात मिळणारा डॉलरचा हिस्सा ३६.५ टक्के कमी. यातलं कुठलं खरं यावरून या चर्चेत जे भांडताय ते कृपया थांबवा.