जुन्या मारुती एस्टीमला ऑइल टेंपरेचर मीटर: गरज की नुसता नाद?

रंकाळाकाठचा
मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरप्यावरून आंबा घाट चढलो. चौघं माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू, ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत. वर आंब्यात चहाला थांबलो आणि आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. पाण्याचा काटा मात्र रोजच्याच जागेवर, ढिम्म. चहा, भजी, अर्धा तास. परत चालू केली तर दिवा गप्प.
तेव्हापासून डोक्यात बसलंय की २००१ च्या या गाडीला तेलाच्या तापमानाचा वेगळा सेन्सर आणि मीटर लावायचाच. पाण्याचा काटा पाण्याचंच सांगणार, बेअरिंगमध्ये फिरतं ते तेल. मित्र म्हणतात पैसे जास्त झालेत तुला. बोला.

उद्यमनगरचा जुना फिटर
मित्र बरोबर बोलतात. दिवा कशाचा लागला? प्रेशरचा. मग मोजायचं काय? पोट दुखतंय आणि तू कान दाखवायला निघालायस. तो स्विच साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या खाली प्रेशर गेलं की दिवा लावतो. स्विच काढ, त्याच भोकात काट्याचं गेज लाव आणि बघ. बेअरिंग झिजलं असेल, पंप गेला असेल, चेंबरातली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) जाळी चोंदली असेल, नाहीतर स्विचच खोटं बोलत असेल. आधी ते.
आणि जुन्या गाडीला नवं भोक म्हणजे नवी गळती. हे मी लेथवर उभं राहून शिकलोय, पुस्तकात वाचून नाही.

घाटवेडा
काका, मान आहे तुम्हाला, पण मी लावलाय आणि पस्तावलेलो नाही. म्हणजे दुसऱ्यांदा लावला तेव्हा पस्तावलो नाही. पहिल्यांदा प्रेशर स्विचच्या जागी पितळी टी (तीन तोंडांचा जोड) घातली, एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला टेंपरेचर सेन्सर. गगनबावड्याला जाऊन आलो, काटा ८० च्या वर सरकेना. म्हटलं आपलं इंजिन म्हणजे नाद खुळा! मग कळलं, त्या टीमध्ये तेल फिरतच नाही, नुसतं साचून राहतं. मी थंड पडलेल्या तेलाचा ताप मोजत होतो. आता फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये सँडविच प्लेट (सेन्सरचं भोक असलेली चकती) आहे, तिथून वाहतं तेल जातं. तेव्हा टीच्या नादाला लागू नकोस भावा.

पैसा वसूल
प्लेटला वर एक सील, खाली एक सील. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं आणि त्यावरच प्लेट कसली, की हायवेवर सगळं तेल रस्त्यावर. ज्या इंजिनाला वाचवायला मीटर लावला ते मीटरमुळेच जाम. २००१ ची गाडी आहे, रेसची नव्हे. वेळेवर तेल बदला आणि गप चालवा.

शिरोलीत नोकरी
दोन्हीकडचे लोक गरम तेलाबद्दलच भांडतायत, थंड तेलाचं काय? राजारामपुरीतून महाद्वार, महाद्वारातून परत. पाणी पाच-सात मिनिटांत गरम होतं, तेलाला त्याच्या दुप्पट तरी वेळ लागतो. एवढ्याशा फेरीत ते तापतच नाही. त्यात पाण्याची वाफ आणि पेट्रोल उतरतं, आणि तेल नीट तापल्याशिवाय ते बाहेर पडत नाही. झाकणाच्या आत दिसते ती पिवळट साय त्याचीच. मी मीटर लावला आणि मला कळलं ते हे की माझी गाडी आठवड्यातले सहा दिवस थंडच चालते. त्या दिवसापासून ६०-७० दाखवेपर्यंत जोरात दाबत नाही.
धागाकर्त्याला एक प्रश्न, शेवटच्या सर्व्हिसला तेल कोणतं घातलं?

रंकाळाकाठचा
५डब्ल्यू-३०, पातळ तेल. मायलेज वाढेल म्हणून. (हसू नका.)

उद्यमनगरचा जुना फिटर
हसत नाही, रडतोय.

शिरोलीत नोकरी
तो ३० आकडा १०० अंशाला मोजलेल्या जाडीचा असतो: ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक. ४० ची हद्द तिथूनच सुरू होते, १६.३ पर्यंत. घाटात तेल १२०-१२५ वर गेलं असेल तर याहून पातळ, आणि आयडलवर पंप हळू फिरतो. दिवा लुकलुकणारच. पण तेल ९५ वर असताना दिवा लागला असेल, तर मात्र काकांचं खरं, बेअरिंगकडं बघा. काका, तुम्ही प्रेशर मोजाल, पण कितीला मोजलं हे माहीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ काय?

उद्यमनगरचा जुना फिटर
पोरी, मुद्दा आहे. पण त्यासाठी डॅशबोर्डवर कायमचं मीटर कशाला? गाडी तापवून आणायची, डिपस्टिकच्या भोकातून तापमापीचा प्रोब सोडायचा, आकडा बघायचा, काढून घ्यायचा. एका दिवसाचं काम.

रंकाळाकाठचा
काका, आंबा घाटात प्रोब घेऊन तुम्ही शेजारी बसणार का? माझा दिवा गॅरेजात कधी लागतच नाही.
मी चेंबरच्या ड्रेन प्लगच्या (तेल सोडायच्या बोल्टच्या) जागी सेन्सर लावायचं म्हणतोय. आटे १४ बाय १.५ चे. नवं भोक नाही, फिल्टरला हात नाही.

घाटवेडा
आपल्याकडचे स्पीडब्रेकर विसरलास काय? सेन्सर चेंबरच्या बुडापेक्षा खाली आला तर एका दणक्यात चेंबर रिकामं. आखूड सेन्सर घे, वायर मागून बांध. आणि १/८ इंच लिहिलंय म्हणून कुठलाही सेन्सर घेऊ नकोस. अमेरिकन १/८ ला इंचात २७ आटे, जपानी गाडीच्या भोकाला २८. दोन फेरे छान बसतो, मग जबरदस्तीनं चढतो. अॅडाप्टर उद्यमनगरात करून घे.

शिरोलीत नोकरी
एकाच वायरीचा सेन्सर असेल तर अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं. टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून लावलीस तर काटा खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवेल, म्हणजे तू खुशीत. तांब्याचा वॉशर पुरतो. बसवायच्या आधी अर्थिंग जोडून उकळत्या पाण्यात बुडवून बघ. मात्र १०० ची वाट बघू नकोस, आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहोत, इथं पाणी ९८ च्या आसपास उकळतं.

पैसा वसूल
एवढ्या सगळ्यात ४० ग्रेडचं तेल घालून मोकळा झाला असतास.

रंकाळाकाठचा
तेल बदलतोच. पण आधी याच तेलावर एकदा मोजतो, नाहीतर दिवा कशानं लागला होता ते कळणारच नाही. काका, रविवारी आणू का? गेज तुमचं, सेन्सर माझा.

उद्यमनगरचा जुना फिटर
आण. पन्हाळ्यावर चढून उतरून थेट दारात आण, मध्ये चहाला थांबू नकोस. आणि सेन्सर गळला तर पुसायचा तूच.