साडेतीन आणि सहा वर्षांच्या मुलांसाठी घरी कोणते कला-उपक्रम निवडावेत?

डिचोलीची आई

नमस्कार. माझी दोन मुले, मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी साडेतीन वर्षांची, यंदा घरीच शिकत आहेत. वाचन आणि गणिताची घडी आता बऱ्यापैकी बसली आहे. अडचण येते ती कलेच्या तासाला. मोबाइलवर शोधले की शेकडो कृती समोर येतात: कागदी ताटलीचा सिंह, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, कापसाची मेंढी. गेल्या दोन महिन्यांत त्यांतल्या दहा-बारा आम्ही केल्या. दर वेळी कापणे-चिकटवणे माझ्याच वाट्याला येते, मुलगी पाच मिनिटांत उठून जाते आणि मुलगा "मोबाइलवरच्यासारखं झालं नाही" म्हणून कागद चुरगळून टाकतो.

मे महिन्यात त्याला एका चित्रकला शिबिराला पाठवले होते. तिथे त्याने काढलेल्या माशावरच शिक्षकांनी स्वतःच्या पेन्सिलीने "बरोबर" मासा गिरवून दिला. तेव्हापासून तो कागद माझ्यापुढे सरकवतो आणि "तूच काढून दे" म्हणतो.

उपक्रम निवडताना नेमके काय पाहावे आणि दोघांना एकाच वेळी बसवता येईल असे काही आहे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. शिवाय सध्याच्या पावसात कागद दमट होतो, रंग वाळत नाहीत आणि मिठाच्या कणकेची खेळणी तर दुसऱ्या दिवशी चक्क पाझरू लागली.

निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हापसा

ताई, आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आहे. ज्या उपक्रमात कापणे-चिकटवणे आईला करावे लागते, तो उपक्रम आईसाठी आहे. मी शाळेत असताना एक साधी कसोटी लावत असे: तीस मुलांचे काम भिंतीवर लावले आणि नाव वाचल्याशिवाय कोणाचे कोणते ते ओळखता आले नाही, तर त्या तासाला मुलांनी सूचना पाळल्या, इतकेच म्हणायचे. सूचना पाळणेही शिकावे लागते, परंतु त्यासाठी कलेचा तास खर्ची घालू नये.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मांडलेले टप्पे अजूनही उपयोगी पडतात. साधारण दोन ते चार वर्षे रेघोट्यांची, चार ते सात वर्षे ओळखू येतील अशा पहिल्या आकारांची आणि त्यानंतर प्रत्येक वस्तूसाठी मुलाने ठरवलेल्या ठरावीक आकृतीची. आपली कन्या पहिल्या टप्प्याच्या अखेरीस आहे. तिला चित्र "कशाचे" आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. हात फिरला की कागदावर खूण उमटते, हाच तिचा आनंद असतो. लवकरच ती डोक्यालाच पाय फुटलेला माणूस काढू लागेल. त्या माणसाला पोट जोडून देण्याचा मोह कृपया टाळावा. मुलगा दुसऱ्या टप्प्यात आहे आणि त्याच्या मनात मासा तयार असतानाच कोणीतरी त्याच्यावर दुसरा मासा लादला. हा राग मीही पूर्वी अनेक मुलांना आणला असेल, म्हणून त्या शिक्षकांना मी फार दोष देत नाही.

त्यावर उपाय सांगतो. माशाचे चित्र दाखवू नका, मासाच दाखवा. गोव्यात ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्याने बांगडा मिळणे कठीण असले तरी खाडीतले शेवटे नावाचे मासे किंवा तिसऱ्या मिळतील. तिसऱ्यांची धुतलेली शिंपली मुलाच्या तळहातावर ठेवा आणि तिच्यावरच्या रेषा बोटाने चाचपू द्या. "काढ" असे म्हणू नका. शेजारी कागद आणि खडू असू द्या, आणि आपण स्वतः आपल्या कागदावर काहीतरी काढत बसा. तो आठवडाभर काही काढणार नाही, असेही होईल.

साहित्य थोडे आणि बरेच दिवस तेच असावे. मेणाच्या खडूंचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून द्यावेत, कारण आखूड तुकडा मुठीत धरता येत नाही आणि चिमटीची पकड आपोआप येते. धाकटीला कागद मोठा हवा, कारण तिचा हात अजून खांद्यातून फिरतो. त्यासाठी जुन्या कॅलेंडरची पाठ उत्तम.

दोघांना एकत्र बसवायचे असेल तर मातीइतके चांगले दुसरे काही नाही. आपण डिचोलीत आहात, चवथ जवळ येत आहे आणि गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळांत आता चिकणमाती येऊन पडली असेल. नारळाएवढा गोळा मागितला तर कोणी नाही म्हणणार नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवला की आठवडे टिकतो. केलेल्या वस्तू भाजायच्या नाहीत, जपायच्याही नाहीत. पाणी शिंपडून पुन्हा गोळा करायचा. त्यामुळे "बिघडले" हा शब्दच उरत नाही. घर मळते, हे खरे आहे. पण आषाढ द्वादशीला माशेलच्या देवकीकृष्णाच्या मैदानात थोरामोठ्यांना चिखलकाल्यात लोळताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांनी मातीची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

मुलासाठी आणखी एक, जे पावसातही जमते कारण त्यात वाळवायचे काही नसते. आपल्याकडच्या जुन्या देवळांवर, उदाहरणार्थ पेडण्यातल्या मोरजीच्या मोरजाईच्या देवळात, कावी काम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा, अशी ती रीत. चुना मुलांच्या हाती देता येत नाही, कारण तो कातडी भाजतो. त्याऐवजी कागदावर पांढरा मेणखडू दाबून घासावा, त्यावर विटकरी ऑइल पेस्टलचा जाड थर द्यावा आणि खराट्याच्या हिराने खरवडावे. काय खरवडायचे ते त्याचे त्याने ठरवावे. जमल्यास नंतर एखाद्या रविवारी देऊळ दाखवून आणा. त्याआधी नको, नाहीतर तो पुन्हा "तसेच" करू पाहील.

काणकोणहून एक बाबा

सरांच्या म्हणण्याशी मी निम्माच सहमत आहे. "अनुकरण नको" हे वाक्य ऐकायला चांगले वाटते, पण आमच्या घरी दर चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास, बांधली जाते आणि तिथे मुले निव्वळ अनुकरणानेच शिकली आहेत. केवणीच्या सालीच्या दोराची गाठ एकाच पद्धतीने मारावी लागते, नाहीतर नारळांचा घड मध्यरात्री गणपतीपुढे आदळतो. माझी सात वर्षांची मुलगी गेल्या वर्षी पूर्ण दुपार सुपारीचे घोस बांधत होती. "मला येत नाही" असे ती एकदाही म्हणाली नाही, आणि काका सोडून दे म्हणाले तरी तिने ते सोडले नाही. ठिपक्यांच्या रांगोळीचेही तसेच आहे. ठरलेला नमुना असल्याने मुलाचा हिरमोड होतोच असे नाही.

निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हापसा

आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि माझे वाक्य मी दुरुस्त करतो. माटोळीत काका त्यांचे स्वतःचे काम करत असतात. मूल ते पाहते आणि स्वतःच्या हाताने तसे करून बघते. शिबिरात मोठ्याची पेन्सिल मुलाच्या कागदावर आली. फरक मला तिथे दिसतो. आपल्या मुलीच्या गाठीवर काकांनी दुसरी गाठ मारली असती, तर तीही उठून गेली असती.

फोंड्याची आजी

बाय, सर्वांनी चांगले सांगितले आहे. मी केवळ धोक्याचे सांगते, कारण नातवंडांच्या बाबतीत मी एकदा घाबरून गेले आहे. रानातून आणलेल्या बियांनी चित्र सजवायचे असेल तर गुंज घरात आणू नका. लाल-काळी, चकचकीत, मुलांना हमखास आवडणारी ती बी चावली गेली तर जिवावर बेतते. माटोळीत टांगायची कवंडळे ही रानफळेही लालभडक दिसतात, पण ती खायची नव्हेत, हे मुलांना आधीच सांगावे. बाजारातल्या रांगोळीच्या रंगात बोटे बुडवून तीच तोंडात घालणाऱ्या वयाला तो रंग देऊ नये. तांदळाचे पीठ द्यावे.

बोटांनी रंगवायला खळ करावी. दोन चमचे कणीक वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायची, निवली की एका भागात हळद आणि दुसऱ्यात बिटाचा रस घालायचा. पावसाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून थोडीच करावी. हळदीच्या खळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ती तांबडी होते, आणि गोकर्णीच्या फुलांच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. हे मात्र मुलांच्या डोळ्यांसमोर करावे. हळदीचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, तेवढे धरून चाला.

डिचोलीची आई

चवथ आटोपल्यावर लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. चित्रशाळेतून माती मिळाली. पैसे घेतले नाहीत. पहिले चार दिवस मुलाने तिला हात लावला नाही, धाकटी मात्र तिच्यात बोट खुपसून भोके पाडत राहिली. पाचव्या दिवशी त्याने तिच्या एका भोकात काडी रोवली आणि "हा दिवा" म्हणाला. शिंपल्यांकडे त्याने अजून पाहिलेले नाही. कावीचा कागद मात्र त्याने तीनदा मागितला, आणि खरवडलेली पूड फुंकून मला दाखवली.

आजी, खळ केली. गेल्या शनिवारी भाजी चिरताना मी भेंडीची देठाकडची टोके त्या दोघांना दिली आणि ती तांबड्या खळीत बुडवून कॅलेंडरच्या पाठीवर ठसे उमटवू दिले. धाकटीने एक ठसा उमटवला आणि लगेच तळहाताने फासून टाकला. तिला फासण्यातच मजा येत होती, म्हणून मी गप्प राहिले. मुलगा मात्र बराच वेळ थांबून बघत होता. नंतर त्याने विचारले, "ह्या फुलाला पाच पाकळ्या आणि ह्याला सात कशा?" दुकानातली भेंडी आणि बाजारातून आणलेली गावठी सात शिरांची भेंडी माझ्याकडून एकाच टोपलीत पडली होती, हे तोवर माझ्याही लक्षात आले नव्हते. मी काही सांगण्याआधीच त्याने खडूचा तुकडा उचलला आणि ठशांच्या शेजारी स्वतःचे फूल काढले. त्याला नऊ पाकळ्या आहेत. तशी भेंडी कुठे मिळते, असे तो रोज विचारतो.