गाभाऱ्याची फरशी काढण्याआधी

सेक्रेटरी: नमस्कार. मंदिराच्या गाभाऱ्यातली फरशी आणि चौथरा बदलायचं काम सोमवारपासून सुरू होतंय. मूर्ती प्लास्टिकने झाकून घेऊ. धूळ उडेल, त्या बाजूच्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात.

बी-३०२ काकू: नुसतं प्लास्टिक? चौथरा फोडताना मूर्ती हलणार ना! मग पुन्हा प्रतिष्ठा करायला हवी.

ए-१०४: काकू, काम झालं की पूजा घालूच. पंढरपूरला २०२४ मध्ये गाभाऱ्याचं काम झालं, तेव्हाही मूर्ती जागेवरच झाकल्या होत्या. आणि पुन्हा प्रतिष्ठा करायची म्हणजे मधल्या काळात देव निघून गेला होता असं धरायचं का?

सी-५०१ काका: पंढरपुरात मूर्ती हलवल्याच नव्हत्या, नित्योपचारही चालू होते. आपण तर मूर्तीखालचा चौथराच काढतोय.

माझी नोकरी त्रिचीला होती तेव्हा तंजावरच्या बृहदीश्वराचा कुंभाभिषेक, म्हणजे देवळाच्या दुरुस्तीनंतर पुन्हा प्रतिष्ठा करायचा सोहळा, पाहिला, ५ फेब्रुवारी २०२० ला. तिकडे साधारण बारा वर्षांनी करायची रीत. तंजावरला मात्र १९९७ नंतर थेट तेव्हाच झाला. देव निघून गेला असं तिथे कुणी मानत नाही. काम काढण्याआधी देवाची परवानगी मागतात, त्याचं सान्निध्य कलशातल्या पाण्यात घेतात. याला कलाकर्षण म्हणतात. मग बालालयात, म्हणजे तात्पुरत्या छोट्या देवळात, पूजा चालू ठेवतात. त्यानंतरच पाथरवट गाभाऱ्यात हात घालतो.

बी-३०२ काकू: पण चांगल्या देवळाला दर बारा वर्षांनी कशाला?

सी-५०१ काका: मूर्ती पीठावर अष्टबंधाने बसवलेली असते. लाख, राळ, मेण, लोणी असे आठ जिन्नस कुटून केलेला लेप. रोजच्या अभिषेकाने तो झिजतो, भेगा पडतात, पाणी खाली मुरतं. तो काढून नवा भरायचा तर मूर्तीला हात लावावाच लागतो. जुन्यांनी ही दुरुस्ती विधीतच गुंफून ठेवली, मला हे फार मोठं वाटतं.

शेवटी यज्ञशाळेत होम होतात. सूत गुंडाळलेले, वर आंब्याची पानं आणि नारळ ठेवलेले कुंभ गुरुजी डोक्यावर घेऊन मिरवत नेतात आणि शिखरावर चढवतात. तंजावरचं शिखर दोनशे फुटांच्या आसपास! संस्कृत मंत्रांबरोबर तमिळ स्तोत्रंही चालू होती. वर कळसावर पाणी पडलं आणि खालच्या सगळ्या गर्दीचे हात एकदम जोडले गेले. मग तेच पाणी गाभाऱ्यात देवावर. जे कलशात घेतलं ते परत देवाच्या ठायी.

ए-१०४: हे ठाऊक नव्हतं काका. पण आपल्याला एवढं झेपेल?

सी-५०१ काका: एवढं लागतही नाही. आपल्याकडेही जीर्णोद्धाराआधी देवत्व कलशात घेतात. ज्यांनी आपली प्रतिष्ठा केली त्या गुरुजींनाच विचारा, ते आपल्या ऐपतीप्रमाणे सांगतील. कलश क्लबहाऊसमधल्या कोपऱ्यात ठेवू, तिथेच दोन वेळा आरती करू. पहिला आठवडा माझ्याकडे.

बी-३०२ काकू: दुसरा माझ्याकडे. नैवेद्यही मी बघते.

सेक्रेटरी: ठीक. गुरुजींशी बोलेपर्यंत गाभाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. सोमवारी कॉन्ट्रॅक्टरला बाहेरच्या सभामंडपाचा रंग काढायला सांगतो.