व्यवसाय प्रशासनाच्या पदवीतील अर्थशास्त्राचा अभ्यास कसा करावा?

प्रश्न

मी व्यवसाय प्रशासनाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. पहिल्या वर्षी सूक्ष्म (एकेका ग्राहकाच्या आणि उद्योगसंस्थेच्या) आणि स्थूल (संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या) अर्थशास्त्राचा एकेक पेपर झाला. दोन्हींत गुण चांगले मिळाले, पण त्यातून नेमके काय हाती लागले, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. लेखांकनाच्या तासाला ज्या रकमेला नफा म्हणतात, तिलाच अर्थशास्त्राच्या तासाला शून्य म्हणतात. पूर्ण स्पर्धेत, म्हणजे सारखाच माल विकणारे अनेक विक्रेते असताना, दीर्घकाळात उद्योगसंस्थेला शून्य नफा होतो, हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत लिहून आलो. मात्र नफाच नसेल तर ती संस्था काम का चालू ठेवते, असे परीक्षकांनी विचारले असते तर मी गप्प बसलो असतो.

आता विपणन, वित्त आणि व्यवसाय अर्थशास्त्र यांपैकी एक विशेष विषय निवडायचा आहे. माझ्या शंका दोन आहेत. व्यवसायाच्या पदवीत शिकवले जाणारे अर्थशास्त्र मुळातच पातळ असते, की मी ते चुकीच्या रीतीने वाचले? आणि पुढे अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावेसे वाटले, तर ही पदवी पुरते का?

पहिले उत्तर

मी हा विषय अनेक वर्षे शिकवत आहे, म्हणून आधी आपली नफ्याची अडचण सोडवतो. समजा, एका मालकाने स्वतःचे ५,००,००० भांडवल व्यवसायात घातले आहे (चलन कोणतेही धरा). तेच भांडवल तितकीच जोखीम पत्करून दुसरीकडे गुंतवले असते, तर वर्षाला ८ टक्के, म्हणजे ४०,००० मिळाले असते. शिवाय तो स्वतः दिवसभर तेथे राबतो. दुसऱ्याकडे नोकरी केली असती तर त्याला वर्षाला ३,००,००० पगार मिळाला असता. आता लेखापालाने वर्षअखेरीस ३,४०,००० नफा दाखवला, तर अर्थशास्त्राच्या हिशेबाने नफा बरोबर शून्य येतो, कारण सोडून दिलेल्या व्याजाची आणि पगाराची बेरीजही तेवढीच होते. या शून्याचा अर्थ एवढाच, की दुसरीकडे जाऊन त्याला अधिक काही मिळणार नाही आणि म्हणून तो आहे तेथे थांबतो. दोन्ही शिक्षक आपापल्या जागी बरोबर आहेत. लेखापाल झालेला खर्च मोजतो, अर्थशास्त्रज्ञ त्यात संधी खर्चही, म्हणजे सोडून दिलेल्या पर्यायातून मिळाले असते तेही, धरतो. हा फरक दोन्हींपैकी एकाही तासाला सांगितला जात नाही, याला मात्र आम्ही शिकवणारे जबाबदार आहोत.

पातळपणाविषयी माझे मत असे आहे. अर्थशास्त्राच्या स्वतंत्र पदवीत एखादा निष्कर्ष गणिताने सिद्ध करण्यावर भर असतो, तर व्यवसायाच्या पदवीत तो निष्कर्ष निर्णयासाठी वापरण्यावर. दुसरे काम हलके नाही. अडचण अशी होते, की अनेक ठिकाणी सिद्धता गाळली जाते आणि वापरही शिकवला जात नाही; उरतात त्या केवळ आकृत्या. त्या आकृत्यांतही एक गंमत आहे. किंमत बदलली की मागणी बदलते, असे आपण म्हणतो, म्हणजे गणिताच्या रिवाजाप्रमाणे किंमत आडव्या अक्षावर हवी. पण अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथापासून रूढ झालेल्या पद्धतीमुळे ती उभ्या अक्षावरच राहिली. गणिताची सवय असलेला विद्यार्थी येथे गोंधळला, तर दोष त्याचा नाही.

दुसरे उत्तर

मी एका उत्पादन कंपनीत दरनिश्चितीचे काम करतो. माझी पदवीही व्यवसायाचीच आहे. वरील उत्तराशी सहमत आहे, पण वापर म्हणजे काय, हे आकड्यांशिवाय कळत नाही.

एका यंत्राची क्षमता महिन्याला १,५०० नग आहे आणि सध्या १,००० नग तयार होऊन १२० या दराने विकले जातात. स्थिर खर्च ६०,००० असून नगामागे बदलता खर्च ४० आहे. म्हणजे सरासरी खर्च १०० आणि महिन्याचा नफा २०,०००. अशा वेळी एक नवा ग्राहक येतो आणि ३०० नग ७० या दराने मागतो. सरासरी खर्चाकडे पाहणारा त्याला परत पाठवील, कारण नगामागे ३० चा तोटा दिसतो. सीमांत खर्चाकडे, म्हणजे जादा नगांमुळे वाढणाऱ्या खर्चाकडे, पाहणारा मात्र विचारील, की या ३०० नगांमुळे खर्च कितीने वाढणार आहे? उत्तर १२,००० असे आहे आणि येणार आहेत २१,०००. मागणी स्वीकारली तर नफा २९,००० होतो.

पुस्तकातील उदाहरण येथे संपते. आमचे काम येथून सुरू होते. जुन्या ग्राहकांना या ७० च्या दराची कुणकुण लागली आणि त्यांनी नगामागे केवळ १० ची सूट पदरात पाडून घेतली, तर दरमहा १०,००० जातात आणि कमावलेले ९,००० त्यात बुडून वर आणखी १,००० चा फटका बसतो. शिवाय यंत्र आधीच पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर नव्या ग्राहकाला दिलेला प्रत्येक नग जुन्या ग्राहकाकडून काढून घ्यावा लागतो. मग त्या नगाचा खरा खर्च ४० नव्हे, १२० धरावा लागतो. तेव्हा सीमांत खर्चाचे सूत्र पाठ असणे पुरेसे नाही. या निर्णयाने आणखी काय काय हलणार आहे, हे विचारण्याची सवय लागली पाहिजे, आणि ती सवय मला तरी अर्थशास्त्रानेच लावली.

स्थूल अर्थशास्त्र निरुपयोगी आहे, असे आपण कोठे म्हटलेले नाही, तरी बहुतेक विद्यार्थी तसे समजतात म्हणून लिहितो. ५ वर्षांनी मिळणाऱ्या १,००,००० चे आजचे मूल्य ५ टक्के दराने सुमारे ७८,३५० येते आणि १० टक्के दराने सुमारे ६२,०९०. व्याजदर वाढल्यावर कंपन्या नवे प्रकल्प लांबणीवर का टाकतात, याचे मोठे कारण या दोन आकड्यांत आहे. वित्त हा विशेष विषय घेतलात तरी हे टळणार नाही.

तिसरे उत्तर

आपल्या दुसऱ्या शंकेविषयी लिहिते, कारण मी व्यवसायाच्या पदवीनंतर अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. प्रवेश मिळतो, पण पहिले सत्र जड जाते. तेथे मागणीची वक्ररेषा कोणी समजावून सांगत नाही. उपयोगिता फलन (ग्राहकाला वस्तूंपासून मिळणारे समाधान मांडणारे सूत्र) देतात आणि मागणीचे समीकरण काढून दाखवा, असे सांगतात. त्यासाठी बहुचल फलनांचे अवकलन आणि बंधनासह महत्तम मूल्य काढण्याची रीत हाताखालून गेलेली असावी लागते. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि सांख्यिकी हेही हवे. अर्थमितीचा, म्हणजे आर्थिक आकडेवारी सांख्यिकीने तपासण्याच्या शास्त्राचा, एक तरी अभ्यासक्रम पदवीतच घेता आला तर अवश्य घ्यावा, मग विशेष विषय कोणताही असो. मी तो घेतला नव्हता आणि त्याची किंमत पहिल्या वर्षभर मोजली.

मात्र आपली पदवी कमी प्रतीची आहे, असे मनात धरू नये. उद्योगसंस्था मुळात अस्तित्वात का असतात, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ सालच्या निबंधात मांडला. सगळे बाजारातून विकत घेता येत असताना माणसे नोकरीवर का ठेवायची, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर असे, की बाजार वापरण्यालाही खर्च येतो: पुरवठादार शोधणे, घासाघीस करणे, करार करणे. तो खर्च आत काम करवून घेण्याच्या खर्चाहून जास्त झाला, की काम संस्थेच्या आत येते. १९९१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांची स्वतःची पदवी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची, वाणिज्य शाखेची होती. अर्थात तो काळ वेगळा होता. आज गणित टाळून त्या वाटेने जाता येईल, असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. शून्य नफ्याचा उलगडा झाला. आकडे स्वतः मांडून पाहावेत म्हणून एक उदाहरण रचले आहे. किंमत १०० वरून ९० केली, म्हणजे १० टक्के घटवली, आणि विक्री १,००० वरून १,१५० नगांवर गेली, म्हणजे १५ टक्के वाढली. लवचिकता, म्हणजे मागणीतील टक्केवारी बदल भागिले किमतीतील टक्केवारी बदल, १.५ आली; ती १ पेक्षा जास्त, म्हणजे मागणी लवचिक आहे. म्हणून किंमत कमी करणे फायद्याचे. हे बरोबर आहे का?

दुसऱ्या उत्तरकर्त्याचे प्रत्युत्तर

लवचिकता बरोबर काढलीत, पण शेवटचे वाक्य घाईचे झाले. विक्रीचे उत्पन्न १,००,००० वरून १,०३,५०० झाले, हे खरे. परंतु वाढलेले १५० नग फुकट तयार होत नाहीत. नगामागे बदलता खर्च ४० असेल, तर तो वजा जाता पूर्वी ६०,००० उरत होते आणि आता ५७,५०० उरतात. तोच खर्च १० असेल, तर ९०,००० चे ९२,००० होतात. तेव्हा आपल्या उदाहरणात बदलत्या खर्चाचा आकडाच नाही आणि तो मिळेपर्यंत किंमत कमी करावी की नाही, हे सांगता येणार नाही. हा खर्च किती असला म्हणजे दोन्ही किमतींना सारखेच उरेल, ते काढून पाहा. माझे उत्तर २३ च्या किंचित वर येते.